कोथिंबीर वडीत पाणी किती?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. मराठी घेऊन एम.ए. केलं. स्वयंपाक आई-आजीच्या हाताखाली शिकले. आमच्या इथल्या केबल वाहिनीवर पदार्थांचे दोन भाग केले, लोकांना आवडले. टीव्हीवर असे कार्यक्रम करावेत आणि पाककृती लिहाव्यात, असं फार मनात आहे. घरचे म्हणतात, हॉटेल मॅनेजमेंट केल्याशिवाय तुला कोण विचारणार? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. संजीव कपूर हॉटेलच्या स्वयंपाकघरातूनच १९९३ साली ‘खाना खजाना’त आले. पण तुझं पत्र वाचताना मला आठवल्या मधुर जाफरी. दिल्लीची ही मुलगी लंडनला गेली ती नाटक शिकायला. स्वयंपाक येत नव्हता आणि तिथलं जेवण घशाखाली उतरेना. मग आईला पत्रं लिहिली. आई टपालाने कृती पाठवायची, त्यावरून ती रांधायला शिकली. १९६५ साली ‘शेक्सपिअरवाला’साठी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. पाककृतींचं पहिलं पुस्तक आलं १९७३ साली, चाळिशीला टेकताना. बीबीसीवरची मालिका तर १९८२ची. त्यात त्यांनी लिंबू-कोथिंबिरीचं चिकन केलं आणि मँचेस्टरच्या दुकानांतली कोथिंबीर संपली, असं सांगतात.

मला यातली ती पत्रं फार मोलाची वाटतात. ओट्याशी आई नाही, हातात नुसता कागद. तुझा वाचकही असाच एकटा उभा असणार.

मी वीस वर्षं वाहिन्यांसाठी कृती लिहिते आहे. सुरुवातीला कोथिंबीर वडीत लिहिलं होतं, ‘पाणी लागेल तसं’. तो कागद शेजारच्या नव्या सुनेला दिला आणि गप्प बघत बसले. तिने धुतलेली जुडी ओलीच चिरली, बेसन-मीठ घातलं आणि वाटीभर पाणी ओतलं. भज्यांचं पीठ झालं! मीठ लागलं की कोथिंबीर स्वतःच पाणी सोडते, हे माझ्या हाताला माहीत होतं, कागदावर कुठेच नव्हतं. मग लिहिलं : जुडी निथळून कापडावर कोरडी करा, चिरून मीठ चोळा, दहा मिनिटं थांबा, बेसन घाला, गोळा वळत नसेल तरच चमचाभर पाणी. एवढ्यासाठी पाच जुड्या गेल्या.

‘रुचिरा’ घरात असेलच. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप कसं धरलंय ते नीट बघ. तसे तुझे दहा पदार्थ लिही आणि कधीच न रांधलेल्या कुणाला तरी करायला दे.

कॅमेऱ्याची भीती सरावाने जाते. तिथली खरी धावपळ वेगळीच असते. कच्चा गोळा, उकडून गार झालेला उंडा, तळलेल्या वड्या, सगळं आधी तयार लागतं आणि नवख्या माणसाला ते घरून करून न्यावं लागतं. मानधन आणि कृतींवरचा हक्क आधी लिहून घे. माझ्या तीस कृती एका मासिकाने दुसऱ्याच नावाने छापल्या होत्या, ते अजून सलतं.

तुझ्या आजीची एखादी कृती लिहून पाठव. कागदावर आहे तसंच, अक्षरही न बदलता, मी करून बघेन आणि कुठे अडले ते कळवेन.