बाळाला पदराखाली घे

प्रिय मुली,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग मला झोप लागली नाही. तुझा हेपेटायटिस सी चा रिपोर्ट आला एवढं कळलं, आणि पुढे हुंदक्यांमधून नीट ऐकू आलं ते एकच वाक्य: "मावशी, मी परवापासून त्याला अंगावर घेतलेलं नाही." म्हणून हे पत्र लिहायला बसले. फोनवर सांगितलेलं ओल्या बाळंतिणीच्या डोक्यात राहत नाही. कागद उशाखाली ठेवता येतो, रात्री दोन वाजता पुन्हा काढून वाचता येतो.

आधी एक काम कर. पत्र बाजूला ठेव, बाळाला उचल आणि पाज. पुढचं नंतर वाच.

हेपेटायटिस सी आईच्या दुधातून बाळाला होत नाही. हा रक्तातून पसरणारा, लिव्हरला सूज आणणारा विषाणू आहे. काळजी घ्यायची ती एवढीच: बोंडाला चीर पडली असेल, रक्त येत असेल, तर त्या बाजूचं दूध जखम भरेपर्यंत काढून टाकायचं, म्हणजे दूध आटत नाही. दुसरी बाजू बरी असेल तर त्या बाजूला पाजत राहायचं. जखम भरली की पुन्हा दोन्हीकडे. याच्यापलीकडे तुझ्या दुधात भिण्यासारखं काही नाही.

हे मी इतकं ठासून सांगते आहे, कारण माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नाही.

१९९४ साली माझ्या पहिल्या बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि मला दोन बाटल्या रक्त चढवलं. जीव वाचला. त्या काळात रक्तपेढीत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती, आणि मुळात हा विषाणू शोधून काढला तोच १९८९ मध्ये. दुसऱ्या खेपेला, १९९९ मध्ये, लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले म्हणून आणखी तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला. मुलगी अकरा दिवसांची होती. मला सांगितलं गेलं, अंगावरचं बंद करा. का, किती दिवस, पुढे काय, काही नाही. पावडरचा डबा आला. माझं दूध दाटून छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मुलगी पलीकडच्या खोलीत रडली की इकडे माझं पोलकं ओलं व्हायचं. रात्री मोरीत बसून मी ते दूध पिळून टाकायची. पांढरी धार नळाच्या पाण्याबरोबर जाताना बघायची. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, ती मोरी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यातला एक थेंबही टाकायची गरज नव्हती, हे मला कितीतरी वर्षांनी एका डॉक्टर बाईंनी सांगितलं.

तुझ्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही.

आता तुझ्या रिपोर्टकडे येऊ. तू व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलास, त्यावर 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' असं आहे. एचसीव्ही म्हणजे हेपेटायटिस सी चा विषाणू. याचा अर्थ एवढाच, की हा विषाणू कधीतरी तुझ्या शरीरात आला होता आणि शरीराने त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, तयार केल्या. तो आज आहे की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. ज्यांना लागण होते त्यांच्यातल्या साधारण शंभरातल्या तीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपोआप जातो, अँटीबॉडी मात्र राहतात. म्हणून दुसरी चाचणी लागते, विषाणू आज रक्तात आहे का आणि किती आहे हे बघणारी: एचसीव्ही आरएनए, तिलाच व्हायरल लोड म्हणतात. ती होईपर्यंत तू स्वतःला आजारी ठरवूच नकोस.

ही चाचणी जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मोफत होते. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणीही मोफत आणि औषधंही मोफत. तिथे गेलीस की 'हेपेटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे' असं स्पष्ट विचार. केसपेपर काढताना खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर मेडिसिन ओपीडीत विचार. मागे हटू नकोस.

आणि समजा, विषाणू आहे असं निघालं. तरी ऐक. आज त्यावर गोळ्या आहेत. सोफोसबुवीर आणि तिच्या जोडीला डाक्लाटासवीर किंवा वेल्पाटासवीर, रोज घ्यायच्या, बहुतेकांना बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. बरे म्हणजे दाबून ठेवलेला आजार नव्हे, विषाणू शरीरातून जातो. मी २००४ मध्ये इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली होती, दर आठवड्याला एक, चोवीस आठवडे. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरायची, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, पोरांवर उगाच ओरडायची. आणि एवढं करून सहा महिन्यांत विषाणू परत आला. २०१६ मध्ये त्या गोळ्या घेतल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण, अशा चौऱ्याऐंशी खुणा. थोडं डोकं दुखायचं, बाकी काही नाही. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. रिपोर्टवर इंग्रजीत तीन शब्द होते, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. मी तो कागद घेऊन पॅथॉलॉजीच्या पायरीवरच बसले. ज्या तीन शास्त्रज्ञांमुळे या विषाणूची ओळख पटली, हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस, त्यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. ती बातमी आली त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला तो त्यांच्यासाठी.

तुला या गोळ्या बहुधा लगेच देणार नाहीत. बाळ अंगावर पीत असताना त्या कितपत सुरक्षित आहेत याची पुरेशी माहिती अजून हातात नाही, म्हणून डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. यात घाबरण्यासारखं नाही. हा आजार संथ आहे. लिव्हरवर मोठा परिणाम झालाच तर तो वर्षानुवर्षांनी दिसतो, त्यामुळे पाजण्याचे महिने थांबायला सहसा अडचण येत नाही. तरी लिव्हरची अवस्था एकदा तपासून घे, सोनोग्राफी आणि रक्ताचे आकडे, म्हणजे 'थांबू या' हा निर्णय माहितीवर होईल. आणखी एक. काही बायकांच्या शरीरातून बाळंतपणानंतरच्या महिन्यांत विषाणू आपोआप निघून जातो. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी व्हायरल लोडची मोजणी पुन्हा करून घे. हेपेटायटिस बी, म्हणजे लिव्हरच्याच दुसऱ्या विषाणूची तपासणीही त्याआधी व्हायला हवी, तो लपलेला असेल तर या गोळ्यांनी डोकं वर काढू शकतो.

बाळाचं काय, हा तुझा खरा प्रश्न होता ना? तू विचारलास तेव्हा तुझा आवाज बसला होता. आईच्या रक्तात विषाणू असेल तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना तो लागतो. म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळांना लागत नाही. सिझर केलं असतं तर टळलं असतं, असं तुझी जाऊ म्हणाली. तसं नाही, सिझरने हा धोका कमी होत नाही. तू कळा सोसून त्याला जन्म दिलास त्यात काही चुकलं नाही. बाळाच्या रक्तात तुझ्या अँटीबॉडी नाळेतून आलेल्या असतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून आत्ता कुणी बाळाची साधी अँटीबॉडी तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर जग बुडालं असं समजू नकोस, ती तुझीच सावली असेल. आरएनए चाचणी दोन महिन्यांनंतर करता येते, नाहीतर दीड वर्षाचा झाल्यावर अँटीबॉडीची. कोणती आणि केव्हा ते बालरोगतज्ज्ञांना विचार आणि तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेव, म्हणजे विसरणार नाही. अगदी लागण निघाली तरी काही मुलांमध्ये ती आपोआप जाते, आणि नाही गेली तर तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी औषधं आहेत. माझ्या मुलीची तपासणी निगेटिव्ह आली होती. आता ती तुझ्याएवढी आहे.

घरातलं बोलू. तुझ्या सासूबाईंनी तुझं ताट-वाटी वेगळं केलं, हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंनी खिळ्याने माझ्या ताटाच्या मागे फुली कोरली होती. धुताना बोटाला लागायची. पण मी तुला सांगते, त्या दुष्ट नव्हत्या. नातवंडांसाठी भ्यायल्या होत्या आणि कुणी त्यांना समोर बसवून समजावलं नव्हतं. तीन वर्षांनी एका डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं दिली, त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः माझ्या ताटात वाढून घेतलं. तेव्हा भांडू नकोस, त्यांना दवाखान्यात घेऊन जा. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, बाळाचे मुके घेतल्याने, खोकल्याने, डासाने हा होत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घर निवळतं.

वेगळं ठेवायचं ते वेगळंच आहे: दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर, कानातली-नाकातली चमकी. बाळाची नखं कापायला वेगळं नेलकटर आण. तुझं अजून अंगावरून जात असेल, ते पॅड कागदात गुंडाळून टाक, दुसऱ्या कुणाला उचलायला लावू नकोस. रक्त सांडलं तर ब्लीचच्या पाण्याने पुसून घे. बोट कापलं तर पट्टी लावून मग बाळाला घे. झालं. तेल लावायला येणाऱ्या बाईंना कुणी सांगून घाबरवायचं कारण नाही.

नवऱ्याला तू स्वतः सांग, दुसऱ्याच्या तोंडून उलटसुलट कळायच्या आधी. त्याने एकदा तपासणी करून घ्यावी. नवरा-बायकोच्या संबंधातून हा लागण्याची शक्यता फारच कमी असते. पाळी चालू असताना किंवा जखम असताना कंडोम वापरला की पुरे.

आणि 'कुठून आणलास?' हा प्रश्न. तो तुला विचारला गेला, हे तू अडखळत सांगितलंस. बघ, लहानपणी कधी टोचलेलं इंजेक्शन, दाताचं काम, कान टोचणं, ऑपरेशन, गोंदण, यातल्या कशातूनही हा येऊ शकतो. सुई किंवा अवजार नीट निर्जंतुक केलेलं नसलं की झालं. वीस वर्षांनी कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. शोधत बसू नकोस आणि कुणापुढे खुलासेही देऊ नकोस. हा विषाणू माणसाच्या चारित्र्याबद्दल काहीही सांगत नाही. पुन्हा कुणी विचारलं तर म्हण, "डॉक्टरांना विचारा." आणि तिथेच थांब.

बाळंतिणीचं खाणंपिणं खा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, लसूण, सगळं. आईच्या हातचं मिळतंय, ते सोडू नकोस. पण काविळीची माळ घालायची, अमुक गावी जाऊन पाला प्यायचा, असं कुणी सुचवलं तर नाही म्हण. कशाकशाचा काढा आहे हे माहीत नसेल तो घेऊ नकोस. कोरोनाच्या वेळी गुळवेलीचा काढा पिऊन लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. नैसर्गिक आहे म्हणून लिव्हरला चालतंच असं नाही. दुखण्याच्या गोळ्याही विचारूनच.

तू म्हणालीस, झोप येत नाही. तीन आठवड्यांचं बाळ असताना कुणालाच येत नाही. पण बाळ झोपलेलं असतानाही तू टक्क जागी असशील, त्याच्याकडे बघावंसं वाटत नसेल, आपण नसलेलंच बरं असं मनात येत असेल, तर ते आईला सांग आणि डॉक्टरांनाही सांग. असा विचार आला तर त्याच दिवशी, थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. हे मी १९९९ मध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. बरी झाल्यावरही तुझी अँटीबॉडी चाचणी आयुष्यभर पॉझिटिव्ह येईल. पुढच्या बाळंतपणात, एखाद्या ऑपरेशनच्या आधी, पुन्हा कुणीतरी गंभीर चेहरा करून तुला बाजूला घेईल. तेव्हा आरएनएचा निगेटिव्ह रिपोर्ट पुढे कर. मी माझा लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते.

सोमवारी सकाळी नऊला मी स्टँडवर उभी राहीन. तुझी पहिली फाईल, आधार कार्ड आणि बाळाचं लसीकरण कार्ड घेऊन ये. दूध पाजून निघ, वाटेत पुन्हा भूक लागली त्याला, तर माझी शाल आहे, आडोसा करू. आईला म्हणावं डबा नको, मी घेऊन येते आहे. त्या फुलीच्या ताटात भाकऱ्या बांधून आणेन, जाताना तुझ्याकडेच ठेव ते.

तुझी,
मावशी