स्पॅनिशमधल्या 'या' शब्दाचा नेमका अर्थ काय? ॲपमध्ये 'आधीच' असा दिलाय, पण 'या बोय' आणि 'या नो'मध्ये तो बसत नाही.

'आधीच' हा अर्थ चूक नाही, अपुरा आहे. मी पुण्यात स्पॅनिश ग्राहकांच्या कामावर आहे, दिवसभर फोनवर हा शब्द कानावर पडतो. माझ्या मते 'या'चा एकच मराठी शब्द शोधणं सोडून द्यावं. काहीतरी बदललंय, किंवा आता बदलणारच आहे, एवढंच तो सांगतो. मराठीत ते काम कधी 'आता' करतं, कधी 'झालं', आणि बऱ्याचदा नुसता 'च'.

आईनं हाक मारली की स्पॅनिश पोरगं ओरडतं, 'या बोय!' शब्दशः 'जातो', पण आपण म्हणू 'आलोच!' 'या के एस्तास आकी, आयूदामे' म्हणजे 'आलाच आहेस तर जरा मदत कर'. इथं 'या के' मिळून कारण सांगतात आणि आपला 'च' त्यात चपखल बसतो. 'या एस्ता' म्हणजे 'झालं!' 'या लो से' म्हणजे 'माहितेय मला', तेही जरा वैतागून. बस तासभर उशिरा आली तर 'या एरा ओरा', आपलं 'आली बाई एकदाची!' आणि 'या बेरेमोस' हे सरळसरळ 'बघू पुढचं पुढे'.

खरी गडबड नकारात होते. 'या नो बीबे आकी' म्हणजे 'तो आता इथे राहत नाही', पूर्वी राहायचा. 'अजून नाही' म्हणायचं असेल तर 'तोदाबीया नो' लागतं. 'या कोमिस्ते?' (जेवलास का?) याला उपाशी माणसानं 'तोदाबीया नो' म्हणावं. 'या नो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, आता जेवायचंच नाही.

एकटा 'या' आला तर सूर ऐका. स्पेनमध्ये कुणी बोलत असताना समोरचा मधूनमधून 'या... या...' म्हणतो, ते आपलं 'हं, हं'. तेच ओढून 'याऽऽ' म्हटलं की 'हो, हो, कळलं तुझं', म्हणजे विश्वास बसलेला नाही. चिलीत 'या' म्हणजे 'बरं, चालेल', त्यात 'पो' जोडून 'या पो' म्हणतात. 'या मिस्मो' जपून घ्या: स्पेनमध्ये ते 'लगेच' असतं, प्युर्तो रिको आणि इक्वेडोरमध्ये मात्र 'थोड्या वेळानं', आणि तो थोडा वेळ किती, ते सांगणाऱ्यावर. ब्युनोस आयर्सचा माणूस तर 'या'ला 'शा' म्हणतो, त्यामुळे पहिल्यांदा शब्दच ओळखू येत नाही.

सरावासाठी एक करा: वाक्यातून 'या' काढून पाहा. 'कोमी' म्हणजे 'मी जेवलो'. 'या कोमी' म्हणजे 'माझं जेवण झालंय', थोडक्यात, आग्रह करू नका.