अलीकडचे कोणते पॉवर पॉप आणि इंडी अल्बम ऐकावेत? थोडक्यात कसे वाटले तेही सांगाल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कॅसेटींमुळे बीटल्स पाठ झाले, आता त्याच वळणाचं पण आजच्या माणसांनी केलेलं काहीतरी हवंय, आणि अंधेरी ते चर्चगेट जाता-येता ऐकून होईल एवढंच हवंय. नुसती नावं नकोत, दोन-चार ओळींत प्रत्येकाबद्दल सांगा, असंही म्हटलंय. सगळ्यांचं दोन-चार ओळींत भागणार नाही. जे अल्बम महिनोन् महिने माझ्याबरोबर राहिले त्यांच्याबद्दल जास्त लिहितो.

‘इंडी’ म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे केलेलं संगीत. ‘पॉवर पॉप’ हे शब्द ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या पीट टाउन्सेंडने १९६७ साली आपल्या बँडच्या गाण्यांबद्दल वापरले. गिटार जोरात, ड्रम जोरात, पण सगळ्यांच्या वर चाल. भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. ध्रुवपद ओठांवर बसलं पाहिजे, आणि अंतरा कितीही लांब फिरून आला तरी ध्रुवपदावर परतताना बरं वाटलं पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. रात्री भांडी घासताना, गिटार नाही, ड्रम नाही, नळाचं पाणी वाहतंय, अशा वेळी गाणं नुसतं गुणगुणता येतं का? येत असेल तर चाल खरी. या प्रकारातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. चाल आनंदी असते आणि शब्द बहुतेक वेळा दुःखाचे असतात.

सुरुवात ‘द बेथ्स’पासून करा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा चौघांचा बँड. एलिझाबेथ स्टोक्स गाणी लिहिते आणि गाते, पण मागे चौघेही गातात, आणि खरी गंमत त्या मागच्या आवाजांत आहे. २०२२ चा ‘एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड’ हा गेल्या काही वर्षांतला माझा सगळ्यात आवडता अल्बम. पहिलंच गाणं अल्बमच्या नावाचं आहे. नातं संपलं, पण त्या माणसाबद्दल इतकी वर्षं जे जे शिकलो, त्याच्या सवयी, त्याच्या आवडीनिवडी, त्या सगळ्या ज्ञानाचं आता करायचं काय? ज्या विषयाचे आपण तज्ज्ञ, तो विषयच बंद पडला.

हे गाणं प्रेमभंगाचं आहे हे मला कळतं, पण ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे वडील येतात. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. १९८२ च्या संपानंतर ते काम पुन्हा मिळालं नाही, पुढची सगळी वर्षं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली. आजही दादरला कपडे घ्यायला गेलो की शर्टाच्या कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, मग दुकानाच्या दाराशी जाऊन उजेडात धरतात आणि हळूच सांगतात, “बाणा चांगलाय, ताणा कच्चा आहे.” दुकानदार तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. ऑकलंडच्या एका मुलीने लिहिलेलं गाणं लालबागच्या माणसाला इतकं नेमकं लागू पडावं, याचं मला अजून नवल वाटतं. शेवटाकडे तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, मागचे आवाज वाढत जातात, आणि दर वेळी मी ते गाणं संपेपर्यंत दुसरं काही करत नाही.

याच अल्बममध्ये ‘सायलेन्स इज गोल्डन’ नावाचं एक भन्नाट वेगाचं गाणं आहे, शहरातल्या आवाजांनी जीव नकोसा झालेल्या माणसाचं. शांतता हवी म्हणून ओरडणारं गाणं. आमच्या शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असताना, सकाळी आठला ब्रेकर सुरू झाला की मी तेच लावायचो.

त्यांचा २०२५ चा ‘स्ट्रेट लाइन वॉज अ लाय’ जरा उशिरा उलगडतो. स्टोक्सची तब्येत बिघडली होती, औषधं चालू होती, गाणी सुचेनात, तेव्हा ती टाइपरायटरवर मनात येईल ते लिहीत बसायची. त्यातून हा अल्बम आला. बरं होणं सरळ रेषेत होत नाही, पुढे गेलो असं वाटतं आणि पुन्हा तिथेच येतो, हे त्याच्या नावातच आहे. चाली आधीच्या अल्बमइतक्या झटकन चिकटत नाहीत. पण आईला उद्देशून एक संथ गाणं आहे, जवळजवळ नुसत्या गिटारवर. तिची आई मूळची इंडोनेशियाची. परदेशात येऊन संसार केलेली, देवावर श्रद्धा असलेली आई आणि ती श्रद्धा नसलेली मुलगी. ते गाणं ऐकून झाल्यावर मी आईला फोन केला.

पुढचा ‘ऑलवेज’ या टोरांटोच्या बँडचा ‘ब्लू रेव्ह’, २०२२. चौदा गाणी आहेत, तरी चाळीस मिनिटांच्या आत संपतो, म्हणजे तुमच्या फास्टमध्ये बसेल. या अल्बमने फार सोसलंय. कच्च्या गाण्यांची रेकॉर्डिंग चोरीला गेली, तळघरात पाणी शिरून वाद्यं धोक्यात आली. त्यामुळे आधीच्या अल्बमनंतर हा यायला पाच वर्षं लागली. पहिलं गाणं ‘फार्मासिस्ट’ फक्त दोन मिनिटांचं. तू गावात परत आल्याचं मला कळलं, कारण तुझी बहीण मला मेडिकलमध्ये भेटली, अशा अर्थाची सुरुवात. मुलुंडमध्ये वाढलेल्या कुणाला ही बातमी अशीच मिळते, क्रोसिनची पट्टी घेताना, काउंटरवर, दुसऱ्याच कुणाकडून! मॉली रँकिनचा आवाज गिटारच्या धुक्यात अर्धा बुडालेला असतो, म्हणून पहिल्यांदा शब्द सुटतात. सुटू द्या. तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा एकेक ओळ वर येईल. एक सूचना मात्र करतो, गाडीच्या खडखडाटात साधे इअरफोन या अल्बमला पुरत नाहीत. पहिली वेळ घरी, रात्री, पंखा बंद करून ऐका.

बीटल्सवरून आलात म्हणून तुम्हाला ‘द लेमन ट्विग्ज’ सगळेच सुचवतील. ब्रायन आणि मायकल दॅडारिओ हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे दोघे भाऊ, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवणारे. भावाभावांचे आवाज एकत्र लागतात तेव्हा मध्ये फट राहत नाही, ते इथे ऐकू येतं. ‘एव्हरीथिंग हार्मनी’ (२०२३) संथ आणि हळवा, ‘अ ड्रीम इज ऑल वी नो’ (२०२४) टवटवीत आणि उड्या मारणारा. दुसरा आधी ऐका. कारागिरी इतकी अचूक आहे की डोळे मिटले तर १९६६ साल वाटावं. मला त्यातच थोडी अडचण आहे. काही गाण्यांत जुन्या घरातलं फर्निचर हुबेहूब करून ठेवल्यासारखं वाटतं, सुंदर आहे, पण त्यावर कुणी बसलेलं दिसत नाही. ‘एव्हरीथिंग हार्मनी’मधल्या संथ गाण्यांत मात्र माणूस दिसतो, म्हणून माझं मत त्या बाजूला जातं.

तीच जुनी हौस पण वेगळ्या जिवंतपणाने हवी असेल तर शिकागोचा काइ स्लेटर ऐका. विशीतला मुलगा, ‘लाइफगार्ड’ नावाच्या बँडमध्येही असतो आणि ‘शार्प पिन्स’ या नावाने स्वतःची गाणी करतो. त्याचा ‘रेडिओ डीडीआर’ हा अल्बम २०२४ मध्ये आला आणि २०२५ मध्ये जास्तीच्या गाण्यांसह पुन्हा निघाला. आवाज घरगुती आहे, टेपची खरखर, झांजा जरा फाटलेल्या. पण चाली! एका गाण्याचं ध्रुवपद डोक्यातून जायच्या आत दुसरं सुरू होतं. तुमच्या वडिलांच्या कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर वाजायच्या त्याची आठवण येईल. मुंबईत घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करू बघणाऱ्या प्रत्येक मुलाने हा अल्बम ऐकावा असं मला मनापासून वाटतं, कारण महागडा माइक नसला तरी काय काय होऊ शकतं ते इथे दिसतं.

‘टीनेज फॅनक्लब’ या जुन्या स्कॉटिश बँडचा ‘नथिंग लास्ट्स फॉरेव्हर’ (२०२३) शांत आहे, पावसाळ्यातल्या रविवारसाठी. जेरार्ड लव्ह २०१८ मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या चालींची उणीव मला जाणवते, पण साठीकडे आलेली माणसं वय न लपवता गातायत, ते ऐकायला फार बरं वाटतं. ‘वीझर’ या अमेरिकन बँडचा ‘व्हॅन वीझर’ (२०२१) सोडून दिलात तरी चालेल. गिटार भरपूर, भांडी घासताना एकही ओळ आठवली नाही.

आपल्याकडचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’ (२०२४) पॉवर पॉप नाही, जुन्या कॅबरेपासून डिस्कोपर्यंत सगळीकडे फिरतो, पण गायक सूर्यकांत साहनीचा तो भारदस्त, जरा थकलेला आवाज एकदा कानात बसला की बसला. मुंबईच्याच तेजसचा ‘आउटलास्ट’ (२०२०) चकचकीत, नाचरा पॉप आहे आणि चालींच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. चेन्नईच्या ‘द एफ सिक्स्टीन्स’ची २०२१ ची ‘इज इट टाइम टू ईट द रिच येट?’ छोटी आहे, एका फेरीत होऊन जाईल.

आणि जमेल तेव्हा असे बँड प्रत्यक्ष ऐका. मी पहिल्यांदा ऐकला तो लोअर परळला मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, ‘ब्लू फ्रॉग’ला. २००७ मध्ये सुरू झालेली ती जागा २०१६ मध्ये बंद पडली. काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकानही त्याच वर्षी गेलं. त्या रात्री कान बधिर होऊन घरी आलो, वडील जागेच होते. कुठे गेला होतास विचारलं, मी सांगितलं, मिलच्या आवारात गाणं ऐकायला. गाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. आत शिरायचं फाटक अजून त्याच बाजूला आहे का, एवढंच विचारलं.

उद्या सकाळी ‘एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड’ लावा, अंधेरीला गाडीत चढताना. सलग ऐका, गाणी पुढेमागे करू नका. आवडला तर इथेच खाली कळवा, मग त्यांचे २०१८ आणि २०२० चे अल्बम कसे आहेत ते लिहितो.