पत्रकारिता शिकवणाऱ्या वडिलांची कागदपत्रं अभिलेखागाराला देण्याआधी तारखेनुसार लावावीत की विषयानुसार?

कशानुसारच लावू नका. आहेत तशी द्या.

आमचे सर गेल्यावर त्यांची खोकी आवरायला मी आणि माझा एक वर्गमित्र होतो. सरांची पद्धत अशी: विद्यार्थ्याची हस्तलिखित बातमी, तिच्यावर त्यांची लाल शाई, छापून आलेलं कात्रण आणि ते वाचून कुणी चिडून पाठवलेलं पत्र, सगळं एका टाचणीत. मित्राला तो पसारा वाटला. मी दोन दिवस गेले नाही, तेवढ्यात पठ्ठ्याने टाचण्या काढून पत्रं पत्रांत, कात्रणं कात्रणांत, सगळं तारीखवार लावून ठेवलं. दिसायला देखणं! पण ‘तिसरा परिच्छेद धादांत खोटा आहे’ असं म्हणणारं पत्र कोणत्या बातमीबद्दल, हे आता कोण सांगणार?

अभिलेखागारातल्या बाईंनी पहिलं खोकं उघडलं आणि विचारलं, “हे कुणी लावलं?” मूळ क्रम मोडायचा नाही, हा नियम डच अभिलेखपालांनी १८९८ मध्येच पुस्तकात लिहून ठेवलाय. मित्र अजून म्हणतो, “शोधायला सोपं झालं ना!” अरे, शोधायला सूची असते. कागद न हलवता तारीखवार सूची करता येते. विस्कटलेल्या जुड्या सूचीवरून परत बांधता येत नाहीत.

तुम्ही एवढंच करा: हलवण्याआधी कपाटाचे फोटो काढा, खोक्यांना क्रमांक द्या. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर डाग पाडतं, म्हणून कात्रण बाहेर न काढता मध्ये आम्लरहित कागद घाला. गुळगुळीत कागदावरचे जुने फॅक्स पुसट होत जातात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. विद्यार्थ्यांचे गुण किंवा बातमीच्या सूत्रांची नावं दिसली तर फाडू नका. अभिलेखागाराशी होणाऱ्या करारात ती पानं काही वर्षं बंद ठेवायला सांगता येतं. वडिलांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क मात्र सहसा लिहिणाऱ्याचाच.

हो, बुरशी किंवा कसर लागलेलं खोकं मात्र लगेच वेगळं काढा. आणि एकाच प्रश्नपत्रिकेच्या चाळीस प्रती असतील तर एक पुरे, पण तेही आधी अभिलेखागाराला विचारून.

माझी बातमी त्या खोक्यांत सापडली. तिसऱ्या परिच्छेदाशेजारी सरांचं लाल प्रश्नचिन्ह आहे. मित्र म्हणतो, ते पत्र तुझ्या बातमीवरचं नसेल. टाचणी त्यानेच काढली होती.