कमाई माझी, कागद कुणाचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते, आई कांड्या भरायची. आमच्या घरात धंदा कधी कुणी केला नव्हता. २००९ साली लग्न होऊन न्यू जर्सीला आले आणि पहिली काही वर्षं एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) घरीच बसले. २०१५ साली नियम बदलला, वर्क परमिट मिळालं, मग एका केटररकडे कामाला लागले. ग्रीन कार्ड आल्यावर स्वतःचं सुरू केलं. आता एडिसनजवळ भाड्याच्या कमर्शियल किचनमधून डबे आणि समारंभांच्या ऑर्डरी देते. हाताखाली दोघीजणी आहेत. माझं वय ४३.

गेल्या महिन्यात लायब्ररीत गोऱ्या नसलेल्या उद्योजक स्त्रियांसाठी कार्यशाळा होती. आम्हाला एक कागद दिला आणि सांगितलं, ‘तुमच्यासाठी आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहा.’ शेजारी नेवार्कमध्ये सलून चालवणारी एक कृष्णवर्णीय बाई बसली होती. तिनं लगेच लिहिलं, ‘माझ्या लेकीला शून्यापासून सुरुवात करायला लागू नये.’ माझा कागद कोराच राहिला.

घरी येऊन ह्यांना विचारलं. ते म्हणाले, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पैसे साठले की झालं स्वातंत्र्य. आमचा घरखर्च महिना ६,००० डॉलर, म्हणजे १८ लाख डॉलर साठायला हवेत! डब्यांतून एवढे कधी जमणार? शिवाय दर महिन्याला ७०० डॉलर आईला जातात, दुखणंखुपणं निघालं की जास्त. गावाकडच्या घरावरचा मजला माझ्याच पैशांतून चढला. आता भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर, तू तिकडे सुखात आहेस. वडील गेल्यापासून आई (वय ७१) त्याच्याजवळच असते. मी नसले की किचन बंद, त्यामुळे कित्येक वर्षांत तिच्याकडे जाणंच झालेलं नाही. कंपनी ह्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांचा क्रेडिट स्कोअर चांगला होता म्हणून. पण त्याचं काही नाही, आमच्यात तुझं-माझं नाही. धंदा बरा चालतो, तर तो माझी संपत्ती धरायचा का? आणि त्या कागदावर मी काय लिहायला हवं होतं?

— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही ‘पण त्याचं काही नाही’ म्हणून बाजूला सारलंय. त्याचं खूप काही आहे, म्हणून आधी तेच घेते.

तुमची कंपनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल, तिचा एकच मालक असेल आणि वेगळा काही अर्ज भरलेला नसेल, तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, लेखी ती कंपनी म्हणजे तो मालकच. पहाटे उठून कणीक तुम्ही मळता, पण नफा यजमानांच्या शेड्यूल सी वर (करपत्रकातलं धंद्याच्या नफ्याचं पान) जातो. त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरला जातो आणि त्या कमाईची नोंद त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, खात्यात होते. तुमच्या खात्यात त्या वर्षांसमोर शून्य. स्वतःच्या नोंदीवर निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट (कमाईच्या नोंदीचे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांची कमाई स्वतःच्या नावानं दिसायला हवी. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई पुरत होती. वर्षाचे ७,२४० डॉलर तुमच्या नावावर दाखवले असते, तरी त्या वर्षाची चारही क्रेडिट जमा झाली असती. केटररकडच्या नोकरीची काही तुमच्याकडे आहेत. पुढची सगळी मेहनत नोंदीबाहेर आहे.

यजमानांच्या नोंदीवर पत्नी म्हणून त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्यापर्यंत रक्कम तुम्हाला मिळू शकते, हे खरं. पण उद्या तुमचाच हात कामातून गेला, तर अपंगत्वाचा लाभ स्वतःच्या नोंदीवरच मिळतो, आणि तुमच्या वयाला साधारणपणे गेल्या दहा वर्षांतली वीस क्रेडिट त्यासाठी लागतात. पेन्सिल्व्हेनियात मोटेल चालवणारं एक जोडपं माझ्याकडे कर भरायला यायचं. खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, रात्री काउंटरवर बसायचं, ही सगळी कामं वहिनींची, आणि कागदोपत्री मालक एकटे भाऊ. ते अचानक गेले तेव्हा वहिनी पन्नाशीच्या आत होत्या आणि मुलं मोठी झालेली होती. विधवेचा लाभ साठाव्या वर्षापासून मिळतो. मधल्या वर्षांसाठी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा एकही सरकारी पुरावा नव्हता. भाऊ सज्जन होते. त्यांच्या सज्जनपणानं यात काही फरक पडला नाही, म्हणून मी विश्वासाची चर्चाच करत नाही.

एक आक्षेप तुमच्या कानावर येईल. यजमानांचा पगार ठरावीक मर्यादेच्या (२०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती) वर असेल, तर धंद्याच्या नफ्यावर १५.३ पैकी सोशल सिक्युरिटीचा १२.४ टक्के भाग लागत नाही. म्हणजे कंपनी त्यांच्या नावावर ठेवली की घराचा कर वाचतो. वाचतो, पण तो तुमच्या म्हातारपणातून कापून वाचतो. तसंच ‘कॅश घ्या, दाखवू नका’ असा सल्लाही आपल्या लोकांत फुकट मिळतो. दडवलेली कमाई गुन्हा तर आहेच, शिवाय तुमच्या नोंदीतूनही ती गायब होते. उद्या स्वतःच्या किचनसाठी कर्ज मागाल, तेव्हा बँक आधीच्या वर्षांची करपत्रकंच बघणार आहे.

तेव्हा पहिलं काम हे. एलएलसीची मालकी तुमच्या नावावर करून घ्या, पूर्ण किंवा निदान निम्म्याहून जास्त. यजमानांची थोडी मालकी ठेवलीत तर कंपनीला भागीदारीचं पत्रक भरावं लागेल. ते थोडं खर्चिक आहे, पण तुमच्या वाट्याचा नफा तुमच्या नावानं नोंदला जाईल. तुम्ही अजून नागरिक नाही, म्हणून नवऱ्यानं पत्नीला द्यायच्या करमुक्त बक्षिसाला वर्षाची मर्यादा आहे: २०२५ साठी १,९०,००० डॉलर. यजमान आपला वाटा तुमच्या नावे करतील तेव्हा त्याची किंमत वकिलाकडून कागदावर लिहून घ्या. किचनचा भाडेकरार, आरोग्य खात्याचा परवाना, विमा, बँकेतली सही, सगळं त्याच हिशेबानं बदला. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपलं खातं उघडून वर्षवार कमाईची नोंद बघा. ती बघताना जे वाटेल ते यजमानांना दाखवा. माझ्या पत्रापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

आता ते पंचवीस पट. हा हिशेब विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागारानं १९९४ साली मांडलेल्या विचारातून आलाय. शेअर आणि रोख्यांत ठेवलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे, म्हणजे ती तीस वर्षं पुरते. हा निवृत्त माणसाचा, त्याच्या घराचा हिशेब. तुम्ही ४३ वर्षांच्या, तुम्हाला काम सोडायचंच नाहीये, आणि तुमच्या पैशावर दोन देशांतली माणसं उभी आहेत. घरातल्या पहिल्याच कमावत्या उद्योजक बाईला हा आकडा लावला की तिला आपण कायम मागेच आहोत असं वाटत राहतं. यजमानांनी चांगल्या हेतूनं सांगितला असेल. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

कोणते निर्णय मला कुणाची परवानगी, सही किंवा उसनवारी न घेता करता आले पाहिजेत, असं मी विचारते आणि मग त्यांची किंमत काढते. तुमच्या पत्रात एक निर्णय स्पष्ट दिसतो: आईजवळ महिनाभर राहायचं. त्याची किंमत मांडा. विमानाचं तिकीट, तुमच्या जागी एका स्वयंपाकिणीचा महिन्याचा पगार, आणि तिला तुमच्या आमटीचा, मसालेभाताचा अंदाज यावा म्हणून आधीचे काही आठवडे तिला सोबत घेऊन काम करण्याचा खर्च. बेरीज काही हजारांत जाईल, लाखांत जाणार नाही. ही रक्कम वेगळ्या खात्यात, फक्त तुमच्या नावावर साठवा.

धंदा संपत्ती धरायचा का, याचं उत्तर त्याच महिन्यात मिळेल. तुमच्याशिवाय चालला, तर त्याला गिऱ्हाईक मिळेल. मोजमापं लिहिलेली, नियमित डब्यांची यादी असलेली कंपनी विकली जाते. बंद पडला, तर तो तुमचा रोजगार आहे. मानाचा आणि चांगला रोजगार, पण विकता न येणारा. तोवर धंद्यातून बाहेर काढून ठेवलेलंच संपत्ती म्हणून मोजा. तुम्ही दोघं एकत्र कर भरत असाल, तर यजमानांच्या कमाईच्या आधारावरही तुमच्या नावानं आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) उघडता येतं: २०२५ साठी ७,००० डॉलरपर्यंत. सेप-आयआरए (धंदा करणाऱ्यांसाठीचं तसलंच खातं) उघडावं असं कुणी सुचवलं, तर नियमात बसणाऱ्या मदतनिसांनाही त्याच टक्क्यानं पैसे द्यावे लागतात हे लक्षात ठेवा. मला तो नियम आवडतो. कांड्या भरणाऱ्या बाईची लेक मालकीण झाल्यावर हाताखालच्या दोघींच्या म्हातारपणाचा विचार तिनं करावा, असं मला मनापासून वाटतं. पण आधी आकडेमोड करा.

आईचे ७०० डॉलर हा तुमच्या घरखर्चाइतकाच पक्का खर्च आहे. त्याबद्दल कुणाला, स्वतःलाही, स्पष्टीकरण देत बसू नका. अडचण अचानक येणाऱ्या दुखण्याची आहे. आईला सत्तरी उलटून गेलीय. २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. भावाला सांगून आधार कार्डावरून आईचं वय वंदना कार्ड काढून घ्या आणि जवळची कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते आत्ताच विचारून ठेवा. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी तिथल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात थोडी रक्कम कायम ठेवा. परदेशातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी इथे एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज) भरावा लागतो. तो चुकवू नका, दंड जबर असतो.

हक्कसोडपत्रावर घाईनं सही करू नका. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा, अर्थात तुम्ही दोघंच भावंडं असाल तर. वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनं आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं लेकीचा जन्मतः हक्क मान्य झालाय. भावानं आईला सांभाळलंय, त्याचं मोल मोठं आहे, आणि प्रेमानं वाटा द्यायचा असेल तर जरूर द्या. फक्त तो द्यायचा निर्णय तुमचा हवा, ‘तू तिकडे सुखात आहेस’ या वाक्याचा नको. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी परत फिरवता येत नाही. आणि काहीही ठरलं तरी आईचा वाटा आईच्याच नावावर राहू द्या. मजल्याचे पैसे तुम्ही बक्षीस दिलेत की उसने, हेही भावाशी गोडीत बोलून आता दोन ओळींत लिहून ठेवा. न्यूयॉर्कच्या वकिलातीतून कुणाला मुखत्यारपत्र देणार असाल, तर त्यात फक्त ठरलेलं काम लिहा, सर्वाधिकार देऊ नका.

राहता राहिला तो कोरा कागद. शेजारच्या बाईचं वाक्य थोर आहे, पण ते तिच्या इतिहासातून आलंय. तिच्या आजी-पणज्यांना घरासाठी कर्ज नाकारलं गेलं, साठलेलं हिरावलं गेलं. १९०३ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय स्त्रीनं बँक काढली, सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज. तिची आई लोकांचे कपडे धुवायची आणि मॅगी लहानपणी ते घरोघर पोचवायची. तिच्या बँकेत धुणंभांडी करणाऱ्या बायका नाण्यानाण्यानं पैसे टाकत. तुमच्या आईची भिशी असेलच गल्लीत, तिला हे सांगा, लगेच कळेल. आपण भारतीय बायका बहुतांशी १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आपल्या किंवा नवऱ्याच्या शिक्षणाच्या, नोकरीच्या व्हिसावर इथे आलो, आणि ज्या हक्कांवर आज उभ्या आहोत त्यांतले कितीतरी या कृष्णवर्णीय बायकांनी आधी झगडून मिळवले. त्यांचं वाक्य आपण उसनं घेऊ नये. तुमच्या पत्रात तुमचं वाक्य आहेच: ‘माझी कमाई माझ्या नावावर, आणि वर्षातला एक महिना आईजवळ.’ तुम्हाला पटलं नाही तर खोडा, पण कागद कोरा ठेवू नका.

प्रश्न : माझं जर्सी सिटीत ब्यूटी पार्लर आहे, सगळं माझ्याच नावावर. खुर्च्या आणि उपकरणांसाठी कर्ज मागितलं, तर बँकेतला माणूस म्हणाला, नवऱ्याची सही आणा. आणू का?

— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : लगेच आणू नका. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यानुसार तुमचं स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची पत कर्जाला पुरेशी असेल, तर केवळ लग्न झालंय म्हणून बँकेला नवऱ्याची सही मागता येत नाही.  १९८८ च्या कायद्यानं धंद्याच्या कर्जासाठी हे संरक्षण आणखी पक्कं केलं. दोघांच्या नावावरचं घर तारण देत असाल तर मात्र त्या तारणाच्या कागदावर त्यांची सही लागेल, ते रास्त आहे. बँकेला पत्र द्या: माझा अर्ज माझ्या एकटीच्या नावानं तपासा, आणि नकार असेल तर कारण लेखी द्या. सोबत गेल्या दोन वर्षांची करपत्रकं आणि पार्लरच्या खात्याची स्टेटमेंट जोडा, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.