माया ठेवून शिवलेले ड्रेस

“प्रश्न अगदी क्षुल्लक आहे मॅडम, उगाच तुमचा वेळ घेतेय,” असं म्हणत समुपदेशनाला आलेल्या त्या बाई बसल्या आणि बसता बसता दोन्ही हातांनी पँट कमरेवर ओढून घेतली. आतून दोन सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. तास संपेपर्यंत ती पँट त्यांनी सात-आठ वेळा तरी वर ओढली असेल.

चौदा महिन्यांत त्यांचं वजन ९४ किलोंवरून ६६ वर आलं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश. गेले तीन महिने ते तिथेच टिकून होतं. कपाट मात्र अजून जुन्याच अंगाचं होतं. नवे कपडे दोन, बाकी सगळे ढगळ. आठवड्यापूर्वी त्या कामावर गेलेल्या असताना नवऱ्याने देऊन टाकायच्या तीन पिशव्या भरून दाराशी ठेवल्या. रात्री त्यांनी त्या पिशव्या रिकाम्या केल्या, एकेक कपडा घडी घालून पुन्हा जागच्या जागी लावला, आणि मग रडत बसल्या.

“एवढं रडण्यासारखं काय होतं, तेच कळेना. सगळे म्हणतात, मोठे कपडे घरात राहिले की वजन परत येतं. पण दिले आणि पुढे लागलेच तर? तुम्हीच सांगा, काय करू.”

त्यांच्या परवानगीने हे लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हा प्रश्न मात्र मला अनेकांनी विचारला आहे. क्षुल्लक म्हणून कुणी काही सांगायला लागलं की मी जरा जास्तच कान देऊन ऐकते.

त्यांना मी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की कपडे राहिले म्हणून वजन परत येत नाही. वजन परत येण्याची भीती खोटी नाही. ते अनेकांचं येतं. पण त्याची कारणं शरीरात असतात. वजन उतरलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी होतो, भूक वाढते. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन घटवलेल्या माणसांची रक्ततपासणी केली, तेव्हा भुकेशी संबंधित हार्मोन्स वर्ष उलटल्यावरही पूर्ववत झालेले नव्हते. शरीर जुनं वजन असं धरून ठेवायला बघतं. त्यात झोप बिघडते, आजारपण येतं, औषध बदलतं, घरात कुणाचं काही होतं. या सगळ्यात कपाटातल्या ड्रेसचा काय दोष?

एक गोष्ट मात्र खरी आहे. अंगावर रोज ढगळच कपडे असतील तर चार-पाच किलो वाढले तरी लवकर कळत नाही. बेताची पँट कमरेला काचायला लागली की माणूस वेळेवर सावध होतो. त्यामुळे अंगाबरोबर बसणारं काहीतरी रोजच्या वापरात हवंच. पण यातून निघतं ते एवढंच, की मापाचे कपडे घ्या. मोठे फेकून द्या, असं काही त्यातून निघत नाही. या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात.

“परतीचे दोर कापून टाका” हा सल्ला मी कुणालाच देत नाही, आणि त्याला कारण आहे. माझ्याकडे एक गृहस्थ येत असत. त्यांनी मोठ्या उत्साहाने एका दिवसात सगळं कपाट रिकामं केलं होतं. दीड वर्षाने वडिलांच्या आजारपणात वजन पुन्हा चढलं. अंगात जाईल असा एकही शर्ट घरात उरला नव्हता, आणि मोठ्या मापाचा शर्ट विकत घेणं म्हणजे हार कबूल करणं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग त्यांनी मित्रांकडे जाणं सोडलं, बाहेर पडणं टाळलं. वजनापेक्षा त्या घरकोंबडेपणानेच त्यांचं जास्त नुकसान केलं. दोन शर्ट आणि एक पँट कुठेतरी ठेवलेली असती, तर ते दिवस थोडे सुसह्य झाले असते असं मला आजही वाटतं.

आमच्या बाईंकडे परत येते. मी विचारलं, “तुम्ही आरशात बघता तेव्हा कोण दिसतं?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी अजून खुर्च्यांमधून वाकडी होऊन जाते. जागा भरपूर असते, तरी. आणि दुकानात हात आपोआप सगळ्यात मोठ्या मापाकडे जातो.”

असं होतं. वजनकाटा पुढे गेलेला असतो, मनातलं शरीर मागे राहिलेलं असतं. थॉमस कॅश या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९० मध्ये वजन घटवलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. स्वतःच्या शरीराविषयी त्यांना जे वाटत होतं, ते काही बाबतींत कधीच जाड नसलेल्या स्त्रियांपेक्षा अजून जाड असलेल्या स्त्रियांच्या जवळचं होतं. म्हणून नवं माप अंगवळणी पडेपर्यंत जुने कपडे सुटत नाहीत. त्यात हट्ट नसतो, आळसही नसतो. त्या कपड्यांत माणूस स्वतःला ओळखत असतो.

म्हणून आम्ही अख्ख्या कपाटाचा निर्णय घ्यायचाच नाही असं ठरवलं. एका बैठकीत दहा कपडे. प्रत्येक कपडा अंगावर घालून बघायचा, हातात धरून नाही. आरशासमोर उभं राहून तो आता कुठे लोंबतो हे डोळ्यांनी बघायचं. त्यांना याचा फार त्रास झाला, आणि उपयोगही सगळ्यात जास्त यानेच झाला. चौथ्या कपड्याला त्या म्हणाल्या, “अरे, हा खरंच माझा राहिलेला नाही.”

व्यवहाराचं बोलायचं तर ज्यांचं वजन अजून उतरतंय, त्यांनी घाई करू नये. कामापुरते दोन-तीन कपडे धावदोरा घालून तात्पुरते आत घ्यावेत, बाकी पट्ट्यावर निभवावं. वजन चार-सहा महिने स्थिर राहिलं की मग शिंप्याकडे जावं. कुशीची शिवण आणि कंबर आत घेणं सोपं असतं. एक-दोन मापांपर्यंत कपडा चांगला सावरतो. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, मात्र अवघड. कोटाचा खांदा दंडावर उतरला असेल तर तो कितीही भारी असो, द्यायच्या बाजूला ठेवावा. पँटची कंबर फारच आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला येतात, तेव्हा तिचाही मोह सोडावा. इलास्टिकचे कपडे जपून ठेवण्यात अर्थ नाही, ते नुसत्या पडून राहण्यानेही सैल होतात. जे ठेवायचे ते धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावेत. आज न दिसणारे घामाचे आणि तेलाचे डाग पुढे पिवळे होऊन उमटतात. आमच्या बाईंनी पाच कपडे ठेवले, एका पेटीत, पलंगाखाली. रोज कपाट उघडल्यावर समोर दिसणार नाहीत, पण लागले तर घरात आहेत.

द्यायच्या कपड्यांपाशी त्या पुन्हा अडल्या. मी म्हटलं, “तुम्हाला तेव्हा तुमच्या मापाचे चांगले कपडे सहज मिळायचे का?” त्यांचे डोळे एकदम भरून आले. नाही मिळायचे. मोठ्या मापात रंग दोनच, आणि तेही अंग झाकायला शिवल्यासारखे. “म्हणजे हे कुणाला तरी खरंच हवे असतील,” त्या स्वतःशीच बोलल्या. त्यानंतर त्यांचा हात मोकळा झाला.

मात्र थेट ओळखीच्या माणसाला देताना फार जपायला हवं. “मला आता मोठे होतात, तू घाल” हे वाक्य समोरच्याला किती लागतं, हे देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. एकांतात विचारावं. “हा माझा आवडता होता, तुला आवडेल का?” एवढंच. वजनाचा विषय काढू नये. नको म्हटलं तर तिथेच थांबावं.

नवऱ्यालाही मी एकदा बोलावलं. ते अपराधी चेहऱ्याने आले. थोडं बोलल्यावर कळलं की त्यांचे वडील हृदयविकाराने अकाली गेले होते, आणि बायको पुन्हा त्या वजनाला जाईल या धास्तीने त्यांना झोप लागत नव्हती. भीतीपोटी भरल्या होत्या त्या तीन पिशव्या. हे त्यांनी बायकोला त्याआधी कधी सांगितलंच नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सगळ्यांचंच वजन ठरवून उतरत नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल, तर कपाट राहू दे, आधी डॉक्टरांकडे जा. आणि खाण्याशी नातंच बिघडलेलं माणूस बरं होत असताना माझा सल्ला उलटा असतो: अंगात न जाणारे बारीक कपडे पहिल्यांदा डोळ्यांसमोरून हलवा.

शेवटी उरले चार ड्रेस. नवऱ्याने भरलेल्या पिशवीत हेच सगळ्यात वर होते. बाईंच्या आईने शिवलेले. कॉलेजात असताना यांच्या मापाचं तयार काही मिळायचं नाही, म्हणून आई रात्री मशीनवर बसायची. दोन्ही कुशींना भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवायची, मुलीचं अंग सुटलं की टीप उसवून ड्रेस सैल करून द्यायची. पुढे आईची नजर गेली आणि शिवणं थांबलं. “आईने कधी एका शब्दाने टोकलं नाही मला. नुसती टीप उसवायची.” पिशव्या रिकाम्या करताना रडू का आलं, ते त्यांना त्या दिवशी उमगलं.

मी काहीच सुचवलं नाही. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या चारांतल्या निळ्या ड्रेसमध्ये, अंगाबरोबर बसलेल्या. शिंप्याने विचारलं होतं, आतलं जादा कापड कापून टाकू का, म्हणजे नीट बसेल.

“मी म्हटलं, कापू नका. आतच राहू दे.”

मग त्यांनी कुशीची शिवण उलटून मला दाखवली. कापड चांगलंच जाड झालं होतं, आणि आईची जुनी टीप अजून दिसत होती.