खणातले 38 माउथपीस आणि तक्त्यातली एक ओळ

प्रश्न: मी मूळचा मिरजेचा, सध्या इंडियानात साउथ बेंडला असतो. चार वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेच्या बँडसाठी जुना ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, पितळी फुंकवाद्य) घेतला, आणि तो दुरुस्त करता करता नाद लागला. आता वर्षाला दहा-बारा जुने ट्रॉम्बोन घेतो, स्लाइड सरळ करतो, पोचे काढतो आणि विकतो. बरोबर आलेले चांगले माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा तुकडा, मात्र बऱ्याचदा ठेवून घेतो. खणात आज 38 आहेत. नगाला सरासरी 55 डॉलर धरून मालमत्तेच्या तक्त्यात त्यांचे 2,090 डॉलर लिहिले आहेत. बायको म्हणते, अडगळ आहे. मुलगा तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. ठेवू की काढू?

उत्तर:

तुम्ही तक्त्याबरोबर विक्रीची वहीही पाठवलीत ते फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून अधिक उत्तर त्या वहीतच आहे.

आधी ते 55 डॉलर पाहू. तो नव्या माउथपीसचा भाव आहे. जुन्याला काय मिळतं ते तुम्हीच लिहून ठेवलंय. गेल्या वर्षी सहा नग सुटे विकलेत, 141 डॉलर आले. संकेतस्थळाचं कमिशन आणि टपालखर्च वजा जाता हाती 92 उरले, म्हणजे नगाला 15 डॉलरच्या थोडं वर. तोच भाव सगळ्या 38ना लावला तर 583 डॉलर होतात. 2,090 आणि 583 यांतलं अंतर लहान नाही. शिवाय फोटो काढणं, मोजमापं लिहिणं, "हा माझ्या वाद्याला बसेल का" या प्रश्नांना उत्तरं देणं, यात गेलेल्या संध्याकाळी त्या हिशेबात कुठेच नाहीत.

आता मला जास्त महत्त्वाचे वाटलेले आकडे. गेल्या वर्षी तुम्ही शिकाऊ मुलांसाठीचे अकरा ट्रॉम्बोन विकलेत. सहा माउथपीससकट गेले, सरासरी 285 डॉलरला. पाच माउथपीसविना गेले, सरासरी 250ला, आणि त्यांतल्या तिघांना गिऱ्हाईक मिळायला महिन्याहून जास्त लागला. अकरा वाद्यं म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, आणि प्रत्येकाची अवस्थाही वेगळी असणार, त्यामुळे 35 डॉलरचा हा फरक अगदी दगडावरची रेघ समजू नका. पण त्यामागचं कारण मला पटतं. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे कोण येतं? बँडमध्ये नुकतं नाव घातलेलं दहा-अकरा वर्षांचं मूल आणि या वाद्याची काहीच माहिती नसलेले आईबाप. मुलाने एकदा फुंकून पाहिलं, आवाज निघाला, त्याचा चेहरा फुलला की व्यवहार झाला. माउथपीस नसेल तर ते घडतच नाही. वर आईबापांना दुकानात जाऊन लहान शँक की मोठी शँक (शँक म्हणजे माउथपीसचं वाद्याच्या नळीत शिरणारं टोक) या घोळात पडावं लागतं. चुकीचा आणला तर मोठी शँक लहान नळीत शिरत नाही आणि लहान शँक मोठ्या नळीत खोल जाऊन डुगडुगते. तुम्ही मिरजेचे आहात. तुमच्याकडचे सतारमेकर तंबोरा देताना तारा चढवून, जवारी लावून देतात. तारांविना तंबोरा गिऱ्हाइकापुढे ठेवलेला तुम्ही पाहिलाय का?

म्हणजे 15 डॉलरची वस्तू खणात ठेवण्यासाठी तुम्ही दर वाद्यामागे साधारण 35 डॉलर सोडताय. म्हणून यापुढचा नियम असा ठेवा: माउथपीस ज्या ट्रॉम्बोनबरोबर आला, त्याच्याच बरोबर जाईल. अपवाद करायचा तर कारण वहीत लिहायचं.

माउथपीस क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही, उलटच म्हणतोय. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या एल्खार्टमध्ये वाद्यांचा उद्योग उभा राहिला तो माउथपीसमधूनच. चार्ल्स कॉनचा ओठ दुखावला, म्हणून त्याने कडेला रबर लावलेला माउथपीस बनवला, 1875मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्यातून पुढे त्याचा कारखाना झाला. ऑस्ट्रियातून आलेल्या व्हिन्सेंट बाखनेही 1918मध्ये न्यूयॉर्कला सुरुवात केली ती माउथपीसपासून, वाद्यं नंतर आली. त्याचं नावही पुढे एल्खार्टलाच येऊन स्थिरावलं. दोघंही स्वतः वाजवणारे होते. माउथपीसची किंमत वाजवणाऱ्याच्या ओठाला कळते, खणात पडून ती वाढत नाही.

आता खणातल्या मालाकडे येतो. तुमच्या यादीत 17 नग लहान शँकचे आहेत, बहुतेक बाखचे 12C आणि यामाहाचे 48S, म्हणजे शिकाऊ ट्रॉम्बोनबरोबर येतात ते. यांतले दोन राखीव ठेवा, कारण मुलं माउथपीस पाडतात आणि शँकचं टोक चेपलं की तो नीट बसत नाही. बाकीचे पंधरा येत्या दोन हंगामांत माउथपीसविना येणाऱ्या वाद्यांना लावून द्या. सुटे विकू नका.

मोठ्या शँकचे नऊ आहेत, 6½AL आणि 5G या क्रमांकांचे. अशी वाद्यं तुमच्याकडे वर्षाला दोनच येतात. मुलगा वाजवतो तो 5G त्याचा, तीन पुढच्या वाद्यांसाठी, उरलेले पाच आताच सुटे विका. विकताना शँक आवर्जून लिहा. 6½AL दोन्ही शँकमध्ये मिळतो, त्यामुळे नुसता क्रमांक वाचून घेणारा फसतो आणि माल परत येतो. परत आलेल्या एका पाकिटात दोन नगांची कमाई जाते.

चार नगांवर कुणाचंच नाव नाही. ते शाळेच्या बँडरूमला देऊन टाका. तीन नगांचा चांदीचा मुलामा ओठ टेकतो तिथेच उडालाय. हे कुणालाही देऊ नका, फुकटसुद्धा नाही. उघडं पितळ रोज ओठाला लागलं की काहींच्या त्वचेला त्रास होतो, आणि पितळात थोडं शिसंही असू शकतं. लहान मुलाच्या तोंडी ते जाता कामा नये. तीन नगांच्या भंगाराचे जे काही सेंट येतील ते घ्या आणि विषय संपवा.

उरले पाच, आणि तुमचा जीव यांच्यातच अडकलाय हे पत्र वाचताना जाणवलं. दोन कॉनचे ‘रेमिंग्टन’ नावाचे माउथपीस आहेत. त्यांच्या शँकचा निमुळतेपणा बाखच्या शँकपेक्षा वेगळा, त्यामुळे दुसऱ्या वाद्यात ते नीट बसत नाहीत, पण कॉनच्याच जुन्या 88H ट्रॉम्बोनमध्ये चपखल बसतात. तुमच्याकडे एक 88H दुरुस्तीला आहेच. दोन रेमिंग्टनपैकी एक त्याच्याबरोबरच जायला हवा, कारण 88H शोधणारा माणूस जाणकार असतो आणि मूळ माउथपीस पाहिला की किमतीवर फार घासाघीस करत नाही. दुसरा 88H वाजवणाऱ्या एखाद्याला सुटा विका.

राहिलेल्या तिघांवर "व्हिन्सेंट बाख कॉर्प" असा जुना ठसा आहे. त्यांना संग्राहक विचारतात हे खरं. पण नुसत्या ठशावर भाव ठरत नाही. कड कुणी कातून बदललेली नाही ना, शँक घासलेली नाही ना, मुलामा मूळचा आहे ना, हे पाहून ठरतो. म्हणून पुन्हा मुलामा चढवायचा तुमचा विचार सोडून द्या. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. दोन विका. तिसरा, जो मुलाबरोबर दुरुस्त केलेल्या पहिल्या ट्रॉम्बोनमधून निघाला, तो ठेवा. मी आकड्यांचा माणूस आहे, तरी हे मनापासून सांगतो: तो विकून येणाऱ्या पैशांनी तुमच्या घरात काहीच बदलणार नाही, आणि तो गेला तर मुलाला कळेल. फक्त तक्त्यात त्याच्यापुढे आकडा लिहू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. वहीवरून या कामात वर्षाला साधारण 1,100 डॉलर निव्वळ उरतात. खरी रक्कम ही आहे, खणातली नव्हे. दरवर्षी नियमित खरेदी-विक्री करून नफा कमावताय म्हणजे हा व्यवसाय धरला जाण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर शेड्यूल सी (विवरणपत्राला जोडायचा, धंद्याचा नफा-तोटा दाखवणारा फॉर्म) भरावं लागतं, आणि निव्वळ कमाई 400 डॉलर झाली की 15.3 टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागतो. तुमच्या बाबतीत तो दीडशे डॉलरच्या आसपास येईल, प्राप्तिकर वेगळा. वाद्य आणि माउथपीस एकत्र घेतले असतील तर खरेदीची किंमत दोघांत वाटून लिहा, नाहीतर सुट्या माउथपीसची सगळी रक्कम नफा दिसते. गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात हे दाखवलं नसेल तर नोटीस यायची वाट न पाहता दुरुस्त विवरणपत्र भरा. तुमचं ग्रीन कार्ड झालंय म्हणून मी हे इतकं सहज लिहितोय. एच-1बी व्हिसावर असणाऱ्या वाचकांनी मात्र असा जोडधंदा इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. त्यात पैशापेक्षा फार मोठं काही पणाला लागतं.

कर भरून जे उरेल ते मुलाच्या 529 खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाका. इंडियाना राज्याच्या योजनेत भरलेल्या रकमेच्या 20 टक्के इतकी सूट थेट राज्याच्या करातून मिळते, वर्षाला कमाल 1,500 डॉलर. समजा 900 डॉलर भरलेत तर 180 डॉलर करातून वाचतात. बारा माउथपीस सुटे विकूनही तुमच्या हाती इतकेच येतात. मात्र तीनच वर्षं हाताशी आहेत, तेव्हा खात्यातला पर्याय निवडताना शेअर्सचा भाग कमी ठेवा.

सुटे आठ नग या महिन्यातच विक्रीला लावा. शिकाऊ वाद्यांना माउथपीस बसवून ती जुलैच्या सुरुवातीला तयार ठेवा, आणि तक्त्यातली ती ओळ खोडून सुधारित प्रत मला पाठवा.